परंपरेचा धडा सहावीतच संपवू नका : इतिहासाच्या पाठ्यपुस्तककारांना खुले पत्र

प्रति,
इतिहासाच्या शालेय पाठ्यपुस्तकांचे लेखक, संपादक आणि विषय समितीचे सदस्य,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातली पाठ्यपुस्तके नव्याने लिहिली जात आहेत. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली, वरच्या इयत्तांची पाळी टप्प्याटप्प्याने येते आहे. इतिहासाची पाने छपाईला जाण्याआधी हे पत्र आपल्या वाचनात यावे, एवढ्यासाठी ते लिहिते आहे. मी मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. हिंदू घरात वाढले, ती परंपरा मला माझी वाटते, आणि ती पाठ्यपुस्तकात ज्या रूपात मुलांसमोर येते त्याने मला वर्षानुवर्षे अस्वस्थ केले आहे.

माझे म्हणणे एकच आहे. आपली पुस्तके हिंदू परंपरेला प्राचीन काळाच्या धड्यात बसवतात आणि तिथेच सोडून देतात.

सहावीत 'वैदिक संस्कृती' शिकवून झाली की मुलांच्या वहीत काय उरते? चार वेद, चार वर्ण, चार आश्रम. परीक्षेपुरते पाठ होते, सातवीत जाईपर्यंत विसरलेही जाते. त्यानंतर हिंदू समाज भेटतो तो दोन प्रसंगी. एकदा त्याच्यावर आक्रमण होते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा त्याच्या रूढींवर समाजसुधारक प्रहार करतात तेव्हा. सती, केशवपन, बालविवाह, अस्पृश्यता. हे सगळे घडले, ते शिकवलेच पाहिजे, आणि मी ते मनापासून शिकवते. पण वैदिक काळानंतरच्या दोन हजार वर्षांत हा समाज विचार करत होता, वाद घालत होता, देवळे आणि तळी बांधत होता, गणित करत होता, स्वतःच्याच अन्यायाविरुद्ध बोलत होता, याचा पत्ता मुलांना लागत नाही. शिवछत्रपती हा मोठा अपवाद. चौथीत आणि सातवीत महाराज भरभरून येतात आणि मुले त्यात रमतात. पण ज्या परंपरेने जिजाऊ घडल्या, देहू-आळंदीचे अभंग ज्या मातीत गायले गेले, ती परंपरा एखाद-दुसऱ्या परिच्छेदात उरकली जाते.

या मांडणीची मुळे जुनी आहेत. १८१७ साली जेम्स मिल यांनी ब्रिटिश भारताचा इतिहास लिहिला आणि त्यात भारताचा भूतकाळ हिंदू, मुस्लीम आणि ब्रिटिश अशा तीन काळांत कापला. हे गृहस्थ भारतात कधी आलेही नव्हते. पुढे 'प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक' अशी नावे बदलली, पण कापण्याची जागा जवळपास तीच राहिली. त्यामुळे नकळत असे ठसते की बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपास हिंदूंचा काळ संपला आणि त्यानंतर ते फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी इतिहासातली प्रजा होते. ज्या काळाला आपण 'सुलतानशाहीचा काळ' म्हणून शिकवतो त्याच काळात ज्ञानेश्वरी लिहिली गेली, विजयनगर उभे राहिले, आणि केरळमध्ये माधव या गणितीने वर्तुळाच्या परिघासाठी अनंत श्रेणी मांडली. हे एकाच पानावर का येऊ नये?

काय लिहावे, हे आपल्याला सांगण्याइतकी मी मोठी नाही. पण आपल्याच राज्यात दगडावर कोरलेले पुरावे आहेत आणि त्यातून किती काही शिकवता येते, ते सांगते.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. मुलगा गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात तिने तो कोरवून घेतला. त्यात ती मुलाचे गुणगान करते: त्याने क्षहरात या शक क्षत्रपांच्या घराण्याचा निःपात केला, तो अद्वितीय ब्राह्मण होता, त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली. आणि हा लेख आहे कशाचा? बौद्ध भिक्षूंना लेणे दान दिल्याचा. विचार करा, आठवीच्या मुलांपुढे हा एक लेख ठेवला तर किती प्रश्न उभे राहतील. स्वतःला ब्राह्मण म्हणवणाऱ्या राजाची आई भिक्षूंना दान का देते? वर्णांची सरमिसळ थांबवली हे अभिमानाने सांगावे लागले, म्हणजे ती होत होती ना? ज्यांची सरमिसळ थांबवली त्यांना काय वाटले असेल? राजा आईचे नाव का लावतो? औदार्य आणि वर्णाभिमान, दोन्ही एकाच दगडावर आहेत. एकाला झाकून दुसरे दाखवायचे म्हटले तरी जमणार नाही. आपल्या पुस्तकांत मात्र सातवाहनांची राजधानी, नाणी आणि व्यापार येतो आणि हा लेख जमलाच तर नावापुरता येतो.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे, इंद्रासोबत संकर्षण आणि वासुदेव यांना नमन आहे, आणि भारतातल्या जुन्यात जुन्या अंकचिन्हांपैकी काही तिथे कोरलेली आहेत. कोकणातून देशावर माल चढवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवर हे सगळे एका गुहेत आहे. धर्म, गणित, बाजार आणि एका राणीचा अधिकार यांना वेगवेगळ्या धड्यांत तोडावे लागत नाही, याचा याहून चांगला दाखला कुठे मिळेल? दरवर्षी हजारो तरुण तो घाट चढतात. त्यातल्या कितींना शाळेत कोणी सांगितले होते की वाटेतल्या गुहेच्या भिंतीवर काय लिहिले आहे?

चाळीसगावजवळच्या पाटणचा लेख तर माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. भास्कराचार्यांचे नाव मुलांना माहीत असते. जन्म १११४, 'सिद्धान्तशिरोमणी' ११५०, 'लीलावती', झाले. पण त्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून पाटणला मठ काढला. तिथल्या राजघराण्याने त्याला उत्पन्न नेमून दिले. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तो शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख मुख्यतः संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील येतो तिथे तो मराठीत उतरतो, कारण तो बाजारपेठेतल्या माणसांना कळायला हवा होता. पेठेत माल उघडला की जो कर राजाकडे जायचा, तो मठाला दिला. गणिताच्या शिक्षणाचा खर्च बाजाराच्या करातून! मुलांना 'आपल्या पूर्वजांनी महान शोध लावले' असे सांगून काय साधते? ज्ञान कोणी टिकवले, पैसा कोणी दिला, शिकायला कोणाला मिळत होते आणि कोणाला नव्हते, हे सांगितले की तो वारसा खरा वाटू लागतो.

आता त्या 'कोणाला नव्हते' कडे येते, कारण हिंदू वारशाविषयी बोलताना तिथे थबकणारे लोक माझ्या बाजूला पुष्कळ आहेत. जातिभेदाचा विषय आला की त्यांना वाटते आपला अपमान चालला आहे, हा भाग कमी करा. मी त्यांच्याशी सहमत नाही. पण सध्याच्या मांडणीशीही सहमत नाही, कारण तिच्यात अस्पृश्यतेला विरोध एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी शिक्षणानंतर सुरू झाल्यासारखा दिसतो. चोखोबांची वेदना चौदाव्या शतकातली आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून १३३८ साली ते गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. दाराबाहेर. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी देहाच्या विटाळाविषयी जे प्रश्न विचारले ते कोणत्याही आधुनिक समाजसुधारकाइतके धारदार आहेत. आणि त्या दाराच्या आत चोखोबांच्या समाजाला जाता यावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले ते मे १९४७ मध्ये. सहाशेहून अधिक वर्षे. हे अंतर मुलांना दिसू द्या. परंपरेच्या आतून उठलेला आवाजही दिसू द्या, आणि तो आवाज ऐकूनही न हललेले दारही. हे दार पाहिले की २ मार्च १९३० ला सुरू झालेला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह समजतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाच वर्षांनी येवल्याला धर्मांतराची जी घोषणा केली ती कोणत्या अनुभवातून, हे समजते. हे सगळे हिंदू समाजाच्याच इतिहासाचे भाग आहेत. ते 'समाजसुधारणा चळवळ' नावाच्या वेगळ्या धड्यात टाकले की वारशाचा धडा खोटा गोड होतो आणि सुधारणेच्या धड्याला मूळ उरत नाही.

स्त्रियांचेही तेच. गार्गी आणि मैत्रेयी येतात, आणि त्यानंतर थेट सावित्रीबाई. मधल्या काळात महानुभाव पंथातल्या महदाइसेने धवळे, म्हणजे लग्नगीते, रचली, मुक्ताबाईने आपल्या ज्ञानी भावाला समजावले, जनाबाईने दळण-कांडणाला विठ्ठल जोडला, बहिणाबाई शिऊरकरांनी स्वतःच्या आयुष्याची हकिकत सांगितली. इतक्या बायका मराठीत बोलत होत्या आणि आपल्या पुस्तकात शांतता आहे.

आता सर्वांत अवघड भाग. देवळे पाडली गेली, जिझिया बसवला गेला, धर्मांतरासाठी जुलूम झाला. हे सांगायचे की नाही यावर गेली कित्येक वर्षे पुस्तके बदलत आहेत, एका बाजूची भीती आणि दुसऱ्या बाजूचा आवेश यांच्यात हेलकावे खात. माझे मत स्पष्ट आहे: सांगा, आणि कागदासह सांगा. १६६९ मध्ये काशी विश्वनाथाचे मंदिर औरंगजेबाच्या हुकमाने पाडले गेले, हे खुद्द मोगल बखरीतच, 'मआसिर-ए-आलमगिरी'त नोंदलेले आहे. त्याच औरंगजेबाचे १६५९ चे बनारसचे फर्मान आहे, ज्यात जुनी देवळे पाडू नयेत आणि तिथल्या पुजाऱ्यांना त्रास देऊ नये असे म्हटले आहे. दोन्ही नववीच्या मुलांसमोर ठेवा आणि विचारा, दहा वर्षांत काय बदलले? मग १७८० मध्ये अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेले मंदिर दाखवा. मुले हे पेलू शकतात. आपण त्यांना कमी समजतो. आणि मग १७९१ सालचा शृंगेरी मठही दाखवा. मराठा सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मोहिमेतल्या पेंढाऱ्यांनी तो लुटला आणि मठाला मदत केली ती टिपू सुलतानाने. हे लिहिताना मला, एका मराठी बाईला, त्रास होतो. तरी ते पुस्तकात यावे, कारण काशीचे सत्य सांगण्याचा माझा अधिकार शृंगेरीचे सत्य सांगण्याच्या तयारीवर उभा आहे.

एनसीईआरटीच्या आठवीच्या २०२५ च्या नव्या पुस्तकात क्रूर घटनांसोबत एक टीप छापली आहे: भूतकाळातल्या कृत्यांसाठी आज कोणालाही जबाबदार धरू नये. ही टीप चांगली आहे, पण एका चौकटीने काम भागत नाही. माझ्या वर्गात मुस्लीम मुलेही बसतात. त्यांना नजर खाली घालावी लागू नये आणि हिंदू मुलांपासूनही काही लपवावे लागू नये, हे धड्याच्या रचनेतूनच साधावे लागते.

यासाठी मला एक उदाहरण फार उपयोगी वाटते, गोव्यातल्या सप्तकोटेश्वराचे. हे कदंब राजांचे आराध्य. दिवाडी बेटावरचे त्याचे देऊळ बहमनींच्या काळात उद्ध्वस्त झाले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले, तेव्हा लोकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार केला, त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. चार राजवटी, दोन विध्वंस, दोन उभारण्या. पण मुलांना मी ज्या गोष्टीवर थांबवते ती वेगळी: लिंग नेणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. राजांची आहेत. परंपरा टिकवणारी बहुतेक माणसे अशीच बिननावाची होती, आणि ती पुस्तकात कुठेतरी आली पाहिजेत.

याच ठिकाणी, ज्यांना माझ्यासारखेच हिंदू वारशाचे प्रेम आहे त्यांनाही एक विनंती. पुराणातली विमाने आणि गणपतीचे मस्तक यांना विज्ञानाच्या इतिहासात आणू नका. पुराणकथा श्रेष्ठ वाङ्मय आहेत, त्यांना त्या मानाने वाचू द्या. शल्यविद्येचा अभिमान दाखवायचा तर सुश्रुतसंहितेतले नाक जोडण्याचे वर्णन आहे, आणि त्याच्याही पुढचे, पुण्याचे उदाहरण आहे. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये एक वृत्तान्त छापून आला. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या कैदेत नाक गमावून बसला होता. पुण्याजवळच्या एका वैद्याने कपाळावरची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. हा वैद्य विटा भाजणाऱ्या कुंभार जातीचा होता, असे तिथे म्हटले आहे. तो वृत्तान्त वाचून इंग्लंडमधल्या शल्यचिकित्सकांनी ही पद्धत उचलली. मुलांना सांगा: ही विद्या ग्रंथात होती, आणि ज्याच्या हातात ती जिवंत राहिली तो कारागीर होता. खरा पुरावा हाती असताना आपल्याला कल्पित पराक्रमाची गरजच काय?

प्रश्न वादाचा असेल तेव्हा आपल्याच शास्त्रकारांची रीत वापरा. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडायचे आणि मग उत्तर द्यायचे. वेद न मानणाऱ्या चार्वाकांचे मत आज आपल्याला कळते ते बऱ्याच अंशी त्यांना खोडणाऱ्यांच्या ग्रंथांतून. आर्य बाहेरून आले की इथलेच, या प्रश्नावर हे सहज करता येईल. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन शोधनिबंध आले. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पा संस्कृतीच्या स्थळी सापडलेल्या एका स्त्रीच्या अवशेषांतला डीएनए तपासणाऱ्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे ज्यात होते त्या संशोधनात तिच्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश आढळला नाही. त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या, मोठ्या अभ्यासाने सांगितले की तो अंश भारतात इ.स.पूर्व २००० ते १५०० च्या सुमारास आला. आपल्याकडे एका गटाने पहिला निबंध उचलला, दुसऱ्याने दुसरा. पाठ्यपुस्तकाने दोन्ही शेजारी ठेवावेत आणि यावर अजून काम चालू आहे असे निःसंकोच लिहावे. 'चूक की बरोबर ते लिहा' मध्ये बसणारा हा प्रश्न नव्हे.

श्रद्धा आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, हे पुण्याने जगाला दाखवले आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत १९१९ ला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या नंतरच्या पंडितांनी देशभरातल्या हस्तलिखितांतला श्लोक न् श्लोक ताडून पाहिला, आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेला, ठरवलेला भाग त्यांनी फेकला नाही, तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवला, कशासाठी वगळला हे सांगत. ज्या समाजाने आपल्या सर्वांत प्रिय ग्रंथाशी एवढ्या प्रामाणिकपणे वागून दाखवले, त्याच्या मुलांना शाळेत मात्र आपण एक तर पाठांतर देतो नाहीतर लाज. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यावर वाद झाला तो कोणते श्लोक पाठ करून घ्यावेत आणि मनुस्मृतीतला श्लोक का घातला यावर. इतिहास कसा शिकवावा यावर कोणी भांडले नाही.

आता कामाचे बोलते. सहावीत सुरू झालेला हा धागा दहावीपर्यंत दर वर्षी पुढे न्या, प्रत्येक काळात एक देऊळ, एक मठ, एक संत, एक गणिती, एक वाद. प्रत्येक धड्यात एक तरी मूळ लेख किंवा पत्र मराठी अर्थासह छापा, 'माहीत आहे का तुम्हांला?' च्या चौकटीत कोंबून नव्हे तर धड्याच्या मध्यावर, आणि स्वाध्यायातला निदान एक प्रश्न त्यावरच बेतलेला असू द्या. परीक्षेत त्याला गुण ठेवा, नाहीतर वर्गात तो शिकवायला वेळच मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगते. जिल्ह्याप्रमाणे उदाहरणे बदलता आली तर फारच छान. चाळीसगावच्या मुलांना पाटण, जुन्नरच्या मुलांना नाणेघाट, मंगळवेढ्याच्या मुलांना चोखोबा.

आणि छापण्यापूर्वी हे धडे शिक्षकांना वाचायला द्या. मसुदा खुला करा, हरकतींना पुरेसा वेळ द्या, आणि कोणती हरकत मान्य केली, कोणती फेटाळली आणि का, हे लेखी प्रसिद्ध करा. एखाद्या ओळीसाठी कोणी मोर्चा काढला म्हणून ती गाळू नका आणि कोणी टाळ्या वाजवल्या म्हणून घालूही नका. पुरावा बदलला तर जरूर बदला. असे धडे वाचून त्यांतल्या तपशिलाच्या चुका शोधायला, वर्गात ते आधी शिकवून पाहायला आणि मुलांनी काय विचारले ते आपल्याला कळवायला माझ्यासारखे अनेक शिक्षक विनामोबदला तयार होतील. आपण बोलवा.

आपली विश्वासू,
इतिहासाची एक शिक्षिका